ऐकणारी कुठे उभी असते?

"ताई, हे गाणं ऐकताना मी त्या मुलाच्या जागी असते. ती त्याला नाही म्हणते तेव्हा मला त्याच्यासाठी वाईट वाटतं. आणि मग एकदम लक्षात येतं, अगं, गाण्यातली ती मुलगी म्हणजे मीच की! मग मी हे ऐकू की नको?"

आमच्या किशोरी गटात लहानपणापासून येणारी आणि आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी मला हे विचारून गेली, त्याला चार महिने झाले. मी तेव्हा दिलेले उत्तर अगदीच फुसके होते. "त्रास होत असेल तर ऐकू नकोस," असे काहीसे मी म्हणाले. तिने मान हलवली आणि विषय बदलला. समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या, रोज समुपदेशनाला बसणाऱ्या बाईने देऊ नये असे ते उत्तर होते. तिने आवडण्याबद्दल विचारले होते आणि मी बोलले त्रासाबद्दल. त्यानंतर मी तो अल्बम स्वतः ऐकला, अनेकदा ऐकला, आणि त्याविषयी व त्या प्रकारच्या संगीताविषयी बायकांनी काय काय म्हटले आहे ते शोधून वाचले. चार महिन्यांपूर्वीची ती बाकी आता या लेखात चुकती करते आहे.

अल्बमचे नाव 'मायलो गोज टू कॉलेज'. बँडचे नाव 'डिसेंडेंट्स'. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मॅनहॅटन बीच भागातली ही मंडळी. अल्बम आला १९८२ साली. पंधरा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम बावीस मिनिटे! गायक मायलो ऑकरमन आणि ड्रम वाजवणारा बिल स्टीव्हनसन तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते, गिटारवाला फ्रँक नॅवेटाही त्यांच्याच वयाचा. बास वाजवणारा टोनी लोम्बार्डो मात्र पस्तिशी ओलांडलेला. गायक कॉलेजला निघाला होता, म्हणून अल्बमला हे नाव. तो खरोखरच गेला, जीवशास्त्र शिकला, पुढे त्यात डॉक्टरेट मिळवली आणि वर्षानुवर्षे शास्त्रज्ञ म्हणून नोकरीही केली. मुखपृष्ठावर त्याचे व्यंगचित्र आहे : चौकोनी चष्मा, बारीक केस, गळ्यात टाय. वर्गातल्या पहिल्या बाकावरचा, मारकुट्या पोरांना घाबरणारा मुलगा. ते चित्र जगभर टी-शर्टांवर गेले. आमच्या या मुलीच्या मोबाइलच्या मागच्या बाजूलाही तेच चिकटवलेले आहे.

या संगीताला मेलडिक हार्डकोअर म्हणतात. नावाने बिचकू नका. १९७०च्या दशकात पंक संगीत आले. वाजवता फारसे येत नसले तरी चालेल, तीन सूर येतात ना, मग उभे राहा आणि ओरडून सांगा, असा त्याचा बाणा. १९८०च्या आसपास अमेरिकेत त्याचे आणखी वेगवान, आणखी कर्कश रूप आले, ते हार्डकोअर. डिसेंडेंट्ससारख्या बँडांनी त्या वेगात पुन्हा चाल आणली, गुणगुणता येईल अशी चाल, म्हणून मेलडिक. मोठ्या कंपन्या यांना विचारत नव्हत्या. मग यांनी स्वतःच रेकॉर्ड काढायच्या, पत्रके हाताने लिहायची, झेरॉक्स करून टाचण्या मारलेली छोटी मासिके एकमेकांना पोस्टाने पाठवायची. आपले त्रैमासिक पहिली काही वर्षे कसे निघत असे हे ज्यांना आठवते, त्यांना हे फार परके वाटू नये. पैसे कमी, शब्द जास्त, आणि अंक वेळेवर निघण्याची कायमची बोंब.

आता गाण्यांकडे. मला आवडली का? हो, आवडली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचे सगळे नाक मुरडणाऱ्या बाईचे बोलणे वाटेल. आईवडिलांवरचे एक गाणे आहे, घरात कोणी ऐकून घेत नाही याचा संताप. ते ऐकताना मला माझे सोळावे वर्ष आठवले. 'सबर्बन होम' मध्ये सरळ सांगितले आहे की मला चारचौघांसारखे घर हवे. पंकांच्या मेळ्यात हे म्हणायला धाडस लागते! बावीस मिनिटांत राग, लाज, हेवा, एकटेपणा सगळे भडाभडा बाहेर येते. 'खरेपणा' हा शब्द या अल्बमबद्दल गेली चाळीस वर्षे ऐकणारे वापरत आले आहेत. ऐकणारे म्हणजे बहुतेक पुरुष. बडबड नाही, मर्दानगीचा आव नाही, छाती पिटणे नाही. चष्मेवाल्या पोराने आपले दुखणे जसेच्या तसे मांडले, असे त्यांचे मत. ते मत खोटे नाही.

पण 'होप', म्हणजे आशा, हे गाणे घ्या. मुलीने नाही म्हटले आहे, ती दुसऱ्या कुणाबरोबर आहे. हा थांबून राहणार आहे. त्या दुसऱ्याशी तिचे बिनसेल, ती दुखावली जाईल आणि मग आपला दिवस येईल, ही याची आशा. चाल इतकी गोड आणि आवाज इतका आर्त, की ऐकणारीही त्याच्याच बाजूची होऊन जाते. अमेरिकेतल्या एकोणीस वर्षांच्या पोराचे ते प्रेमभंगाचे गाणे आहे, हे मला कळते. पण मी ते ऐकते आहे महाराष्ट्रात, आणि 'एकतर्फी प्रेम' या दोन शब्दांचा अर्थ आपल्याकडे १९९० साली उल्हासनगरला परीक्षेच्या वर्गात एका मुलीला जाळले गेले तेव्हापासून निराळा झाला आहे. गाणे ऐकून कोणी काडी लावत नाही, असा आरोप मी करणार नाही. मी एवढेच म्हणते की तिच्या 'नाही'ला उत्तर म्हणून 'थांबतो' हा शब्द माझ्या कानाला गोड लागू शकत नाही, चाल कितीही गोड असली तरी. माझ्या टेबलासमोर बसलेल्या किती मुलींनी तो 'थांबणारा' मुलगा मला वर्णन करून सांगितला आहे! कॉलेजच्या फाटकाशी, बस स्टॉपवर, क्लासच्या जिन्यात.

दुसरे गाणे 'बाइकेज'. वस्तीतल्या 'वाया गेलेल्या' मुलींविषयी आहे. त्यात कीव आहे, थोडी माया आहे, पण निवाडाही आहे. अशा मुलीविषयी आपल्याकडे चाळीत, आळीत बोलतात त्याच सुरात. ती तशी का झाली, तिच्याशी कोण कसे वागले, तिला काय हवे होते, यातले काही गाण्यात येत नाही. तिच्याबरोबर 'वाया गेलेल्या' मुलांवर गाणे कोणी लिहीत नाही, हे वेगळे सांगायला नकोच. आणि 'आय अ‍ॅम नॉट अ लूझर' या गाण्यात तर हा मार खाणारा मुलगा श्रीमंत, देखण्या पोरांना हिणवायला समलिंगी माणसांसाठीची शिवी वापरतो. म्हणजे उतरंडीत खाली असलेल्यालाही आपल्याखाली कुणीतरी लागतेच. हे आपण चळवळीत इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे नवल वाटू नये, पण वाटते.

यावर जी उत्तरे मिळतात ती ठरलेली आहेत. तेव्हा ती पोरे होती, असे एक. होती, ते मान्य आहे. यांच्या १९८५च्या पुढच्या अल्बमचे नावच 'मला मोठे व्हायचे नाही' अशा अर्थाचे आहे! दुसरे उत्तर, गाण्याला गाणे म्हणून ऐका. हे सांगणारा नेहमी गाण्यातल्या 'मी'च्या जागी उभा असतो, म्हणून त्याला ते सोपे जाते. पण मला विचार करायला लावले ते तिसऱ्या उत्तराने : "बायकांनाही हा अल्बम आवडतो की!"

आवडतोच. आणि नेमकी हीच गोष्ट तिच्याविरुद्ध साक्षीला काढली जाते. तुला आवडते ना, मग तक्रार कसली? तक्रार आहे ना, मग तुला हे संगीत खरे आवडतच नाही, तू कुणा मित्राबरोबर आलेली दिसतेस. म्हणजे आवडले तर तोंड बंद, आणि तोंड उघडले तर ती ऐकणारीच नव्हे. नवऱ्यावर प्रेम करणाऱ्या बाईला मारहाणीची तक्रार करताना पोलीस चौकीत जे ऐकावे लागते त्याच्याशी याचा सांधा मला तरी स्पष्ट दिसतो. प्रेम आहे हे मान्य केले की बाईची तक्रार हलकी होते, हा हिशेब कुठून आला?

ऐकणारीचे मत असे हलके का होते, याचे एक कारण ती सभागृहात कुठे उभी असते त्यात आहे. लॉस एंजेलिसमध्ये पंक सुरू झाले तेव्हा, १९७७च्या आसपास, बायका मंचावर होत्या. 'एक्स' या बँडची एक्सीन सर्व्हेन्का होती. 'द बॅग्ज'ची अ‍ॅलिस बॅग होती, मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबातली, शहराच्या पूर्वेकडच्या कष्टकरी वस्तीत वाढलेली. घरात वडील आईला मारत ते पाहत ती मोठी झाली. तो सगळा संताप तिने मंचावर कसा काढला हे तिने २०११ साली आलेल्या आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. मग हार्डकोअर आले, उपनगरांतल्या पोरांचे लोंढे आले. मंचासमोरच्या जागेत एकमेकांवर अंग झोकून, खांद्याने धडका देत नाचण्याची रीत पडली. कोपरे लागत, दात पडत. बायका हळूहळू मागे सरकल्या, काही जणी घरीच राहू लागल्या. ज्या येत त्या कडेला, भिंतीला टेकून. मित्र आत धडका द्यायला गेले की त्यांचे कोट यांच्या हातात. 'कोट अडकवायची खुंटी' ही त्या काळच्या बायकांनी स्वतःला लावलेली उपमा अनेकींच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते. आता सांगा, हातात चार कोट घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या मुलीचे अल्बमविषयीचे मत कोण विचारणार? मासिके काढणारे, रेकॉर्ड काढणारे, दारावर तिकिटे फाडणारे सगळे त्या मधल्या घोळक्यातून आलेले.

पण मत तयार होत होतेच. वॉशिंग्टन शहरात १९८८ साली शॅरन चेस्लो, एमी पिकरिंग, सिंथिया कॉनली आणि लिडिया इली या चौघींनी एक अगदी साधी गोष्ट केली. त्यांनी पंक मंडळींतल्या स्त्री-पुरुष भेदावर गटचर्चा घडवल्या, आणि त्या 'मॅक्झिमम रॉकनरोल' या त्या क्षेत्रातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापायला दिल्या. या कुणी बाहेरून आलेल्या नव्हत्या. चेस्लोने १९८१ सालीच मुलींचा बँड काढला होता, पिकरिंग 'फायर पार्टी' या बायकांच्याच बँडमध्ये गात होती, आणि कॉनलीने चेस्लो व आणखी एका मैत्रिणीबरोबर त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या पंकांचा छायाचित्रसंग्रह काढला. आपल्या चळवळीत आपण ज्याला जाणीव-जागृती गट म्हणतो तेच हे. एकीला वाटले की मलाच असे वाटते का. मग चौघींनी मिळून बोलून पाहिले.

त्याच वर्षी त्याच शहरातल्या 'फुगाझी' या बँडचे 'सजेशन' नावाचे गाणे आले. रस्त्यावर, सार्वजनिक जागी बाईला जे सोसावे लागते त्यावरचे हे गाणे, आणि ते इयन मॅकाय हा पुरुष गायक बाईच्या 'मी'ने गातो. हेतू निखळ होता. तरीही ऐकणाऱ्या बायकांमध्ये मतभेद झाले. काही म्हणाल्या, निदान कुणीतरी हे त्या पोरांच्या घोळक्यासमोर बोलले. काहींनी विचारले, आमच्या तोंडचे वाक्यही पुरुषानेच म्हणायचे का? पिकरिंगने फुगाझीच्या कार्यक्रमात मंचावर जाऊन हे गाणे गायल्याची नोंद आहे, आणि मला वाटते या वादाला तेवढे एकच उत्तर होते. बाईच्या तोंडी घातलेल्या पुरुष शाहिरांच्या लावण्यांवर वाढलेल्या आपल्याला हा वाद नवा नाही. आपण तो अजून नीट भांडलेलो नाही, एवढेच.

पुढचे बहुतेकींना ऐकून ठाऊक असेल. १९९१च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनच्या एका घरात मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या, त्यातून 'रायट गर्ल' नावाने ओळखली गेलेली लाट आली. 'बिकिनी किल'ची कॅथलीन हॅना कार्यक्रम सुरू होण्याआधी मुलांना मागे जायला सांगून मुलींना पुढे बोलवायची. मुलींना पुढे बोलावणे! एवढ्या साध्या वाक्यावर पुरुष चिडले, तिला धमक्या आल्या. ऐकणारीची जागा बदलली की तिचे मत बदलते, हे धमक्या देणाऱ्यांना आपल्याआधी कळले असावे.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत अडवले ते एलन विलिस या बाईने. विलिस न्यूयॉर्कची, १९४१चा जन्म, २००६ साली गेली. १९६९ साली 'रेडस्टॉकिंग्ज' हा स्त्रीमुक्ती गट स्थापन करणाऱ्यांपैकी एक, आणि त्याच वेळी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाची रॉक संगीताची पहिली समीक्षक. गर्भपाताच्या हक्कासाठी तिने आयुष्यभर लढा दिला. आणि या बाईने १९७७ साली ब्रिटनच्या 'सेक्स पिस्टल्स' बँडविषयी काय लिहावे? त्यांच्या एका गाण्यात गर्भपाताबद्दल आणि गर्भपात करणाऱ्या मुलीबद्दल किळस ओतलेली आहे. विलिस तिचा निषेध करते. आणि तरी म्हणते की मला काय हवे, कशाचा राग आहे हे ठासून सांगणारे संगीत मलाही तसेच ठासून बोलायला लावते, मग त्यातले शब्द माझ्याविरुद्ध का असेनात. उलट बायकांनी बायकांसाठी केलेले नेमस्त, गोग्गोड संगीत तिला भित्रे करून सोडते.

मी हे वाचले आणि दोन दिवस अस्वस्थ होते. कारण ते खरे आहे! आमच्या शिबिरात आम्ही म्हणतो त्या गाण्यांपैकी काही गाणी, मैत्रिणींनो, मला क्षमा करा, पण ती म्हणताना आपल्यालाच झोप येते. शब्द शंभर टक्के योग्य, चाल शाळेतल्या प्रार्थनेची. आणि ती मुलगी बावीस मिनिटांचा तो अल्बम ऐकून कानातले काढते तेव्हा तिचे डोळे चमकत असतात. ती चमक आपल्या विरोधकाने दिली म्हणून मी ती विझवायची का?

पण विलिसशी माझे पूर्ण पटतही नाही. ती जे करू शकली ते कशाच्या बळावर? तिच्यापाशी टाइपरायटर होता, साप्ताहिकाचे पान होते, गटातल्या मैत्रिणी होत्या, आणि वय पस्तीस होते. गाण्यातला राग उचलून तो स्वतःच्या कामाला लावायची ताकद तिच्यात आधीच आलेली होती. भिंतीशी कोट धरून उभी असलेली पंधरा वर्षांची मुलगी ते एकटीने कसे करील? तिच्या वाट्याला गाण्यातला राग येत नाही, गाण्यातली मुलगी येते. शिकागोची जेसिका हॉपर हिने हेच २००३ साली 'पंक प्लॅनेट' मासिकात लिहिले. डिसेंडेंट्सच्या वंशातून पुढे प्रेमभंगाच्या गाण्यांचा एक सगळा प्रकारच तयार झाला होता, त्यावरचा हा लेख. हॉपर स्वतः या संगीतात वाढलेली, त्यावर जीव असलेली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की या गाण्यांत मुलींना नावे नसतात, काम नसते, मते नसतात. त्या फक्त मुलाला झालेल्या जखमेचे कारण असतात. आणि तिला काळजी वाटत होती ती मंचासमोर उभ्या असलेल्या कोवळ्या मुलींची. त्यांना स्वतः गिटार उचलावीशी वाटेल, असे त्यांच्यासमोर काय आहे? त्या लेखावर पुष्कळ पुरुष रागावले. पण तरुण मुलींनी त्यात आपली गोष्ट ओळखली, आणि इतक्या वर्षांनंतरही तो लेख हातोहात फिरतो आहे. एका ऐकणारीचे मत एवढे टिकले, कारण तिने आवड लपवली नाही आणि तक्रारही लपवली नाही.

हे सगळे जुने झाले, आता तसे राहिले नाही, असे कुणी म्हणेल. २०१७ सालची गोष्ट सांगते. अमेरिकेत दर उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या एका मोठ्या संगीत जत्रेत बाल्टिमोरचा 'वॉर ऑन विमेन' हा स्त्रीवादी हार्डकोअर बँड होता. त्यांच्या गायिकेने, शॉना पॉटरने, कार्यक्रमांच्या जागी बायकांची छेड कशी रोखावी यावर पुढे २०१९ साली एक पुस्तिकावजा पुस्तकही लिहिले. त्याच जत्रेत एक जुना, सत्तरच्या दशकातला बँड होता. वयस्कर गायक मंचावरून शाळकरी मुलींसमोर अश्लील विनोद करत होता. डेन्व्हरला एका बाईने, जी या स्त्रीवादी मंडळींबरोबर होती, गर्दीत उभे राहून हातातला फलक वर धरला : मुलींना आदराने वागवा, असल्या विनोदांनी नव्हे, अशा अर्थाचा. बस. ती मंचावर चढली नाही, तिने काही फेकले नाही. ऐकणारीचे मत, पुठ्ठ्यावर लिहिलेले! त्यावर गायकाने मंचावरून, माइकवरून तिच्या शरीरावरून, रूपावरून तिला इतक्या घाण शिव्या दिल्या की त्या इथे छापता येणार नाहीत, आणि समोरचा जमाव त्या शिव्यांना साथ देत होता. नंतर वाद झाला तेव्हा पुष्कळांनी त्याची बाजू घेतली. हा तर पंकचा स्वभावच, म्हणाले; विनोद कळत नसेल तर येऊ नका. म्हणजे अधिकाऱ्यांना, पोलिसांना, कंपन्यांना, देवालाही शिवी देता येते अशा संगीतात एकच गोष्ट पवित्र ठरली : मंचावरच्या पुरुषाचा विनोद.

आता आपल्याविषयी थोडे, आणि ते कडू आहे. अश्लील जाहिरातींना काळे फासणाऱ्या पिढीच्या हाताखाली मी शिकले. त्या मोर्च्यांबद्दल मला आदर आहे. १९८६चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा ज्या वातावरणात आला ते त्याच लढ्यांनी तयार केले होते. पण त्यातून आपल्याला एक सवय लागली. खटकणारे गाणे कानावर आले की आपण दोनच प्रश्न विचारतो : याच्यावर बंदी कशी आणायची, आणि आपल्या मुली हे ऐकत तर नाहीत ना? तिसरा प्रश्न, तुला यात काय आवडते, हा आपण विचारत नाही. पंक पुरुषांनी ऐकणारीला सांगितले की तुझी तक्रार खोटी. आपण तिला सांगतो की तुझी आवड खोटी. भिंतीशी ती दोन्हीकडे उभी.

मी त्या मुलीला पुन्हा बोलावले आणि हा तिसरा प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, घरी मी कधी ओरडत नाही. एवढ्या जोरात, एवढ्या भरभर, न घाबरता कुणी बोलतं हेच मला आवडतं. तो जे बोलतो ते नाही." मग जरा थांबून, "म्हणजे थोडं तेही. 'मला कोणी घेत नाही' हे मलाही वाटतं. पण मला वाटलं तर मी कुणाची वाट बघत बसत नाही, आणि तिला दोषही देत नाही." 'बाइकेज'मधल्या मुलीबद्दल तिला काय वाटते, असे विचारले. "तिचं गाणं अजून आलंच नाहीये," ती म्हणाली. अल्बमवरची एवढी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात दुसरी आलेली नाही.

तिला एकटीला हे कळले, ही तिची हुशारी. पण तिच्याबरोबर हे संगीत ऐकणाऱ्या आणखी पाच-सहा जणी आहेत, आणि त्या एकमेकींशी बँडविषयी बोलतात, गाण्यातल्या मुलीविषयी बोलत नाहीत. एखादीने काढले तर मुलांसमोर 'बोअर करू नकोस' म्हणून गप्प केले जाते. दोघींनी तर अशा कार्यक्रमांना जाणेच सोडले, कारण गर्दीत कुणाचे हात कुठे जातात ते अंधारात दिसत नाही. आवडते संगीत सोडून देणे ही लहान गोष्ट आहे असे मला वाटत नाही. हुंडा, मारहाण, पोटगी यांच्या फायलींनी भरलेल्या आमच्या कपाटात तिच्यासाठी फाईल नाही, हे खरे. पण ज्या मुलीने अठराव्या वर्षी आवडती जागा न भांडता सोडली, तिला पुढे कोणकोणत्या जागा सोडायला सांगितले जाईल?

येत्या दुसऱ्या रविवारी आमच्या केंद्राची खोली तिने मागितली आहे. या पाच-सहा जणी तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणार, मोठ्या आवाजात, आणि प्रत्येक गाण्यानंतर थांबून बोलणार. विलिसचे म्हणणे मी त्यांना मराठीत सांगायचे, असे ठरले आहे. त्यावर भांडण होईल अशी मला आशा आहे. कार्यकारिणीत यावर चर्चा झाली. एकीने विचारले, याचा आपल्या कामाशी संबंध काय? दुसरीने विचारले, शेजारच्या दवाखान्याला आवाजाचा त्रास होईल त्याचे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, रविवारी दवाखाना बंद असतो. पहिल्यावर अजून बोलणे चालू आहे.

खोलीची चावी मी तिला देऊन ठेवली आहे. सतरंजी नको म्हणाली, आणि खुर्च्या भिंतीला लावून ठेवायला सांगितल्या आहेत. मधली जागा मोकळी हवी, नाचायचे आहे.